लुगड्यातले अकरा टाके

नवं कापड कापायला काय लागतं? धारेची कात्री आणि सरळ नजर. चुकलं तर दुकानातून आणखी मीटरभर आणता येतं. जुन्याचं तसं नाही. एखाद्या बाईनं आईचं लुगडं पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवलं की त्याच्या जोडीचं दुसरं जगात कुठं मिळत नाही. म्हणून पहिला दिवस मी नुसता बघण्यात घालवतो. गिऱ्हाइकाला वाटतं म्हातारा चालढकल करतोय. वाटू दे.

कराडात मंडईमागच्या बोळात माझं दुकान आहे. दुकान कसलं, एक पायमशीन, कापायचा एक टेबलाएवढा उंच पाट आणि बोळाकडं उघडणारी खिडकी. ह्याच जागेवर अब्बा शर्ट-पायजमे शिवायचे, त्यांच्यानंतर मी शिवले. मग तयार कपड्यांची दुकानं आली आणि शिंप्याकडं लोक फक्त पँट आखूड करायला यायला लागले. जुन्याचं नवं करणं हा काही माझा शोध नाही. बापाच्या धोतराची पोराला बंडी आणि आईच्या लुगड्याचा पोरीला परकर, हे घरोघर चालायचं. पूर्वी लोक ते लपवायचे, आता मिरवतात, एवढाच फरक. कॉलेजातल्या एका पोरीला तिच्या आजीच्या साडीचा ड्रेस शिवून दिला, तिनं त्याचा फोटो मोबाईलवर कुठं कुठं पाठवला, आणि बघता बघता साताऱ्याहून, सांगलीहून बायका पिशव्या घेऊन यायला लागल्या. माझी बायको जुबेदा म्हणते, "उमर गेली नवं शिवण्यात आन् नाव झालं चिंध्यांत." घरात आम्ही आमची दख्खनी बोलतो, पण टोमणा मारायचा असला की ती मराठीत मारते. तो जास्त लागतो, हे तिला माहीत आहे.

नवख्या माणसाला हे काम समजावं म्हणून थोडं सांगतो. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला बोळात ऊन उतरतं. तेव्हा मी जुनं कापड खिडकीत पसरून धरतो. जिथून उजेड जास्त येतो, तिथं कापड विरलेलं. तिथं कात्री लावायची नाही आणि शिलाईचा ताणही येऊ द्यायचा नाही. बहुतेक बायकांचं लुगडं डाव्या कमरेला विरतं, कारण तिथं पोर बसलेलं असतं नाहीतर घागर. पदराचं टोक हात पुसून, डोळे पुसून मऊ झालेलं असतं. घडीची रेघ कितीही धुतली तरी जात नाही, मग ती लपवण्यापेक्षा तिच्यावरच चुणी घालावी.

हिरवं लुगडं खिडकीत धरलं की समोरच्या भिंतीवर हिरवा उजेड पडतो. त्या उजेडात मी कितीदा तरी मशीनवर हात ठेवून तसाच बसून राहिलोय. डुलकी आहे की जाग आहे, माझं मला कळत नाही. मी कधीही न बघितलेली माणसं त्या कापडातून येतात-जातात. कुणी पाणी शेंदतंय, कुणी पोराला थोपटतंय. बोळातून एखाद्या फटफटीचा हॉर्न वाजला की सगळी निघून जातात. लोक ह्याला म्हातारपण म्हणतात. मला विचाराल तर माझ्या कामाचा निम्मा मोबदला तोच आहे.

गिऱ्हाइकं एकेक अशी आली की सांगायची सोय नाही. साताऱ्याकडच्या एका गावचे रिटायर सुभेदार त्यांचा मिलिटरीचा लोकरी ओव्हरकोट घेऊन आले. नातीला शाळेत घालायला त्याचा छोटा कोट करायचा होता. म्हणाले, "मास्तर, ह्या कोटात मी लय थंडी काढलीय. जपून कापा." खांद्यावर पट्टी लावलेली असायची तेवढ्या जागी कापडाचा रंग उडाला नव्हता, ते गर्द हिरवं राहिलं होतं. ती जागा बरोब्बर नातीच्या खांद्यावर आणली. दुसरीतली पोर कोट घालून आरशापुढं गेली आणि आपोआप ताठ उभी राहिली. सुभेदार हळूच म्हणाले, "विश्राम." पोर हलेना. शेवटी जुबेदानं बिस्किटाचा पुडा दाखवला तेव्हा कुठं ती सैल झाली.

सांगलीत मोठा पूर आला त्यानंतरची एक गोष्ट. एक बाई ट्रंकेत बुडालेलं बोचकं घेऊन आली. तिचा लग्नातला लाल शालू आणि नवऱ्याचं पांढरं धोतर एकाच घडीत भिजत पडले होते. शालूचा रंग धोतरात उतरला होता. "नेसायला तोंड न्हाई आन् टाकायला जीव हुईना," बाई म्हणाली. मी धोतर धुऊन दोरीवर टाकलं आणि बघतच राहिलो. सगळीकडं गुलाबी ढग पसरले होते, कुठं दाट, कुठं नुसती चाहूल. मुद्दाम करायला गेलो असतो तर मला जन्मात जमलं नसतं. त्या धोतराचा मी बाईला कुडता शिवला. पुढं ती सांगत आली की लोक विचारतात, असलं कापड कुठल्या दुकानात मिळालं. आम्ही दोघं खूप हसलो.

इतकं सगळं मिरवून झाल्यावर आता माझ्या चुकीचं सांगतो. ती सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

शालनताई पन्नाशीची बाई. साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन होतं त्या काट्यावर क्लार्क. माहेर कवठे महांकाळच्या बाजूचं. आवाज असा की बैलगाडीवाल्याला लांबूनच ऐकू जावा. आल्या त्या पिशवी पाटावर ठेवून म्हणाल्या, "चाचा, पोरगी पुण्याला नोकरीला चाललीय. तिला ह्याचं जाकीट शिवा. माझ्या आईचं लुगडं हाय. पोरीनं आजीला बघितलंच न्हाई."

"उंची किती पोरीची?"

"माझ्यापरीस बोटभर जादा. आन् चाचा, ह्यातलं काय फेकू नका बरं का."

"आवं ताई, सगळीच म्हणत्यात तसं. चिंधी उरली तर तीबी परत देतो मी."

गर्द हिरवं इरकली लुगडं होतं, लाल काठाचं. ऐन मध्यावर चार बोटं फाटलेलं, बाभळीच्या काट्यानं फाटतं तसं. कुणीतरी ते पांढऱ्या जाड दोऱ्यानं शिवलं होतं. युरियाच्या पोत्याचं तोंड शिवलेलं असतं ना, तो दोरा उसवून बायका घरात ठेवायच्या, तोच हा. हिरव्यावर पांढरे अकरा टाके. मोजायची मला खोडच आहे. टाके ओढून घातलेले, कापड गोळा झालेलं. शिंप्याच्या डोळ्यात असला टाका कुसळासारखा खुपतो. मी माझ्या रिवाजाप्रमाणं आधी तेवढा भाग कापून काढला.

हा रिवाज अब्बांचा. ते सांगायचे, "उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत दे, पण फाटकं, ठिगळाचं त्याच्या हातात परत देऊ नको. त्याची गरिबी तू बघितलीस, तेवढं पुरे. ती पुन्हा त्याच्या हातात ठेवायची नसते." आयुष्यभर मी हे पाळलं. कुणी कधी तक्रार केली नाही, उलट बायकांना बरंच वाटत असणार. म्हणून तो शिवलेला तुकडा पाटाखालच्या चिंध्यांच्या पोत्यात गेला, आणि पोतं भरलं म्हणून त्याच आठवड्यात लेथच्या कारखान्यात गेलं. मशीनचं तेल पुसायला त्यांना सुती चिंध्या लागतात.

जाकीट मात्र झकास झालं होतं. लाल काठ पुढच्या दोन्ही भागांवर उभा आणला, पदराचे खिसे केले, आतून पांढरं मऊ अस्तर. शालनताईंनी ते हातात घेतलं, "लय ग्वाड झालंय की," म्हणाल्या, उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं. मग उरलेल्या कापडाची पिशवी पाटावर ओतली आणि एकेक तुकडा बाजूला सारायला लागल्या.

"चाचा, ती शिवण कुठाय?"

"कुठली?"

"आईची. पांढऱ्या दोऱ्याची."

माझी नजर पाटाखाली गेली. ताई पाटाच्या कडेला टेकल्या. बैलगाडीवाल्याला ऐकू जाणारा तो आवाज एकदम बारीक झाला.

"आईला लिवाया येत न्हवतं, चाचा. अंगठा उठवायची. मी सात वर्सांची आसताना गेली. फोटो एकच हाय, कुणाच्यातरी लग्नातला, त्यात पदर तोंडावर आलाय. तिच्या हातचं म्हणून माझ्याजवळ एवढंच हुतं. कवातरी पेटी उघडायची आन् त्या टाक्यांवरनं बोट फिरवायची मी. पोरीला दावायचं हुतं, ह्यो बघ आजीचा हात."

"मग सांगायचं न्हाई का आधी?" मी म्हणालो. चूक आपली असली की माणूस आधी दुसऱ्यावर डाफरतो.

"सांगायला काय पायजे? लुगडं उघडलं की पयला त्योच दिसतोय. तुमी एवढं जुन्यातलं जाणकार."

आणि मी जे बोलू नये ते बोललो. "हाय, हाय. घरी ठिवलाय जपून. जाकीट ऱ्हाऊ द्या हितंच. शुक्रवारी या, आतल्या बाजूला बसवून देतो." ताईंचा चेहरा असा खुलला की मला तिथं बसवेना.

त्या गेल्या तसा मी रिक्षा करून लेथवाल्याकडं गेलो. कोपऱ्यात काळ्या चिंध्यांचा ढीग होता. मी त्यात कोपरापर्यंत हात घातले. लाल, निळं, हिरवं, सगळ्याचा रंग आता एकच होता. मालक म्हणाला, "चाचा, सोनं हारवलंय काय?" आधीचा सगळा ढीग सकाळीच भट्टीत गेला होता. मी हात न धुताच घरी आलो.

जुबेदाला सांगितलं. ती म्हणाली, "जावा आन् पाया पडून सांगून टाका." बरोबरच बोलली. पण मला एक दुर्बुद्धी सुचली. उरलेलं लुगडं ताई जाकिटाबरोबर माझ्याजवळच ठेवून गेल्या होत्या. टाके मी मोजले होते, डोळ्यांपुढं होते. बनवायला किती वेळ लागणार?

खरा वेळ लागला तो दोऱ्याला. आताच्या खताच्या पोत्यांना नायलॉनचा दोरा असतो. शेवटी एका पिठाच्या गिरणीत सुती दोऱ्यानं शिवलेलं जुनं पोतं मिळालं. लुगड्याचा तुकडा खिळ्यावर ओढून फाडला आणि दुपारी खिडकीत बसलो. पहिल्यांदा शिवलं तर टाके नीटनेटके आले. हाताला वाकडं चालायची सवयच राहिली नव्हती. उसवलं. दुसऱ्यांदा मुद्दाम घाईघाईत, ओढून घातले. वाकडे आले, पण ते तसले दिसेनात. तिचे टाके डावीकडं कललेले होते, माझे उजवीकडं कलत होते. कापड फिरवून धरलं, तरी कल तोच. मग आठवलं की हे लुगडं उजव्या कमरेला विरलं होतं. कापताना ते मला दिसलं होतं, पण मी त्याचा विचार केला नव्हता. ही बाई पोर उजव्या कडेवर घ्यायची. काम करणारा हात मोकळा ठेवायला.

मी सुई डाव्या हातात घेतली.

त्या दुपारचं कसं सांगू? भिंतीवर हिरवा उजेड होता. माझा डावा हात अवघडल्यासारखा चालत होता, आणि टाका जसा पडायला हवा तसाच पडत होता. मी न बघितलेली ती बाई माझ्या शेजारीच बसली होती असं वाटलं. शेतातून आलीय, दुसरं लुगडं नाही, हेच नेसून पुन्हा जायचंय, पोर पाठीला लोंबतंय. घाईत दोरा ओढतेय. मी तिच्या मागून एकेक टाका घालत गेलो. अकरा झाले तेव्हा ऊन बोळातून वर चढलं होतं. नंतर तुकडा चहाच्या पाण्यात बुडवला, तळहातावर चोळला, वाळवला. चाळीस वर्षांत इतकं हुबेहूब काम माझ्या हातून झालेलं नाही, आणि तीच माझी सगळ्यात मोठी लबाडी. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. जुबेदा पान वाढायची आणि तसंच उचलून न्यायची.

शुक्रवारी शालनताई आल्या. पोरगी सोबत होती, पण ती बोळातच स्कूटरला टेकून फोनवर बोलत राहिली. मी जाकीट उलटं करून पाटावर ठेवलं. तुकडा अस्तरावर, काळजाच्या बाजूला बसवला होता. ताईंनी अंगठा ठेवला. डोळे मिटले. टाक्यांवरून अंगठा सावकाश फिरवला.

"ह्योच," त्या म्हणाल्या. "आई गं."

त्यांच्या गालावरून पाणी खाली आलं. जुबेदा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित मी गप बसलो असतो.

"ताई, ह्ये माझ्या हातचं हाय," मी म्हणालो. मग सगळंच सांगितलं. अब्बांचा रिवाज, चिंध्यांचं पोतं, भट्टी, पिठाच्या पोत्याचा दोरा, चहाचं पाणी.

ताईंनी अंगठा उचलला.

"मग सांगितलं कशाला?" त्या म्हणाल्या. "आत्ता आई भेटली हुती मला. एवढं केलासा, तर गप बसायचं हुतं की."

त्यांनी जाकीट माझ्यापुढं सरकवलं.

"उसवा," ताई म्हणाल्या.

मी टाके उसवले. अकराच्या अकरा. मी खिळ्यावर फाडलेलं ते कापड पुन्हा उघडं पडलं.

"सुई द्या."

"ताई, मी रफू करून—"

"द्या म्हणलं न्हवं! तुमचा हात नगं आता त्याला."

जुबेदानंच चहा खाली ठेवून सुईत तो पांढरा दोरा ओवला आणि त्यांच्या हातात दिला. ताईंनी सुई उजव्या हातात धरली. एकदा टोचली, बोटाला लागली. "बटणसुद्धा लावलं न्हाई कवा," असं पुटपुटत त्यांनी सुई डाव्या हातात घेतली, आपण ती बदलली हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. पहिला टाका पडला. ओढून, घट्ट. कापड गोळा झालं. दुसरा पडला, तिसरा पडला. तिन्ही डावीकडं कलले.

मी पाटाची कड धरली.

"ताई, तुमी डावऱ्या?"

"शाळंत मास्तरानं पट्टीनं हाणून हाणून उजव्यानं लिवायला लावलं. बाकी समदं डाव्यानंच. का?"

"तुमची आईबी डावरीच हुती."

त्यांचा हात थांबला. "तुमाला काय ठावं? मला कुणी सांगितलं न्हाई. माझ्या ध्यानातबी न्हाई."

"टाक्यावरनं कळतंय ताई. मला सुई डाव्या हातात घ्यावी लागली, तवा कुठं तसा टाका पडला. मी नक्कल करायला तीन दिस घालवलं. तुमी न बघता घातलासा, त्यो तिचाच हाय. ह्योच कल, ह्योच ओढ. अल्लाची शपथ घेऊन सांगतो."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. ह्याच पाटावर आठवड्यापूर्वी मी त्यांच्याशी धडधडीत खोटं बोललो होतो. अस्सल तुकडा असता तर शेजारी ठेवून दाखवला असता, पण तो मीच घालवला होता. माझ्या शब्दाशिवाय त्यांच्यापुढं ठेवायला माझ्याकडं काहीच नव्हतं, आणि त्या शब्दाची किंमत मीच घालवून बसलो होतो. इतकं लाचार मला कधी वाटलं नाही.

ताईंनी मान खाली घातली. त्या तिन्ही टाक्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा एकदा. मग सुई डाव्या हातात नीट धरून त्यांनी खिडकीतून बाहेर हाक मारली, काट्यावरच्या त्यांच्या नेहमीच्या आवाजात.

"आगं ये, फोन ठेव त्यो आन् आत ये. आजीचा हात बघायचाय न्हवं तुला? ये हिकडं, बघ, शिवतीया ती."